श्रीरामपूरच्या त्या काकांना, मनापासून थँक्यू

काका, नमस्कार. तुमचं नाव विचारायचं राहिलं, फोन नंबर घ्यायचाही राहिला, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय, कुणीतरी वाचून तुम्हाला सांगेल या आशेवर.

ओळख पटावी म्हणून सांगते, जानेवारीतला रविवार, हावड्याहून लोकलने आलेल्या आम्ही मायलेकी. मॅपच्या नादाने एका बंद गल्लीत शिरलो होतो आणि तुम्ही बाजारातून येत होतात, नायलॉनच्या पिशवीतून माशाची शेपटी बाहेर आलेली. आईने विचारलं नदी कुठे, तर तुम्ही रस्ता सांगितला नाहीत, सरळ मागे वळलात आणि चालायलाच लागलात. पिशवी चहाच्या टपरीवर खुंटीला अडकवलीत, तिथला मुलगा तुम्हाला "काकू" म्हणाला आणि आई दचकलीच, बंगालीत काकांनाच काकू म्हणतात, आमच्याकडे काकू म्हणजे काकाची बायको ना!

श्रीरामपूर म्हटलं की आमच्याकडच्या लोकांना नगर जिल्ह्यातलंच आठवतं. बंगालात हुगळीकाठी डॅनिश लोकांनी 1755 मध्ये वसवलेलं, राजाच्या नावावरून फ्रेडरिक्सनगर म्हणवलेलं आणि 1845 मध्ये इंग्रजांना विकून टाकलेलं हे दुसरं श्रीरामपूर मला वाचून माहीत होतं, पण वाचलेलं वेगळं आणि तुमच्या मागून चाललेलं वेगळं. सेंट ओलाव्ह चर्चसमोर तुम्ही वर बोट दाखवलंत आणि मग स्वतःच्या तळहातावर हळूहळू गिरवून दाखवलंत, आधी मोठा सी, त्याच्या आत सात, वर मुकुट, म्हणजे सातवा क्रिश्चन राजा. ते चिन्ह मला नुसतं बघून कधीच कळलं नसतं. चर्च 1806 चं, मधे अगदी मोडकळीला आलेलं, आणि डागडुजीचे सगळे दिवस तुम्ही रोज येऊन बघत होतात हे सांगताना तुमचा आवाज असा झाला होता की जणू घरातलं माणूस आजारातून उठलंय.

पण मला खरं लिहायचंय ते नदीकाठच्या त्या बाकाबद्दल. तुम्ही विचारलंत कुठून आलात, आई म्हणाली महाराष्ट्र, आणि तुम्ही हसून म्हणालात, "बोर्गी!" आईला कळेना, मग तुम्ही तुमच्या त्या गोड हिंदीत सांगितलंत की लहानपणी आजी झोपवताना जी अंगाई म्हणायची त्यात बोर्गी यायचे, म्हणजे नागपूरच्या रघुजी भोसल्यांचे घोडेस्वार, 1741 पासून दहा वर्षं बंगाल लुटणारे. शाळेत आम्ही अटकेपार झेंडे शिकलो, हे कुणी शिकवलं नव्हतं. आईचा चेहरा पडला, ती चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई, तिला काय बोलावं सुचेना, तिने नुसते हात जोडले. तुम्ही म्हणालात, "अरे दीदी, उठिये, आपका घर दिखाता हूँ."

आणि आम्हाला घेऊन गेलात कॉलेजकडे. ते उंच खांब, समोर नदी, रविवार म्हणून आत जाता आलं नाही, पण तुम्ही फाटकाशी उभं राहून सगळं सांगितलंत. विल्यम केरी, मार्शमन, वॉर्ड हे मिशनरी, 1800 साली सुरू झालेला त्यांचा छापखाना, टाइप म्हणजे छपाईचे खिळे कापणारे पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर, 1812 ची आग ज्यात कागद, टाइप, हस्तलिखितं जळून गेली. मराठीचं व्याकरण 1805 मध्ये इथून छापून निघालं, 1810 मध्ये मराठी शब्दकोश, तोही मोडी टाइपात, मदतीला वैजनाथ पंडित, हे आईला माहीत होतं, ती वर्गात सांगायची, पण गाव कधी डोळ्यासमोर आलं नव्हतं. आमच्या कपाटात आजोबांचे जमिनीचे कागद आहेत, सगळे मोडीत, घरात आता कुणालाच वाचता येत नाहीत, आणि त्याच अक्षराचा एकेक खिळा करणारे हात इतक्या लांब या नदीकाठी होते! आईने फाटकाच्या गजाला हात लावून तो कपाळाला लावला, देवळात लावतो तसा. तुम्ही तोंड फिरवून नदीकडे बघत राहिलात, तिला तेवढा वेळ दिलात, काका, हे मी कधीच विसरणार नाही.

ज्यांच्या आजीच्या अंगाईत आपण लुटारू आहोत त्यांनी अर्धा दिवस मोडून आपल्यालाच आपली भाषा दाखवायची, हे साधं नाहीये. आणि आम्ही पैसे विचारले तेव्हा तुम्ही जे रागावलात त्याबद्दल सॉरी, विचारायला नको होतं.

नंतर मातीच्या भांड्यातला चहा, मग घाटावर आमची तिकिटंही तुम्हीच काढलीत, बराकपूरची बोट सुटली तरी तुम्ही कठड्याशी उभे होतात, पाण्यातून मागे चर्चचा मनोरा दिसत होता आणि खाली तुमचा तपकिरी स्वेटर.

चर्चसमोरचा तुमचा आणि आईचा फोटो प्रिंट काढून ठेवलाय. भाऊ कोलकात्यालाच असतो, तो पुढच्या महिन्यात येऊन त्या चहाच्या टपरीवर देईल, सोबत आईने केलेले तिळाचे लाडू. आणि आई अजून विचारते, एवढा वेळ टांगून ठेवलेला तो मासा खराब तर झाला नाही ना, घरी काकू रागावल्या नाहीत ना?