तीनशे माश्यांमागे अकरा

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर केला तो मुद्दामच, कारण तुम्ही जे विचारले आहे त्याचे उत्तर मधमाश्यांच्या पेट्या उघडून मोजणी केल्याशिवाय देता येण्यासारखे नव्हते. "माश्यांना औषध कशाला? त्यांना त्यांच्या मनासारखे राहू द्यावे, पेटी उगाच उघडू नये," असे तुम्ही लिहिले आहे. तुमच्या हाताखाली मी हेच शिकले आणि इकडे आल्यावरही तसेच वागत आले. चार दिवसांपूर्वी मात्र मी एका पेटीला औषध दिले आणि दुसरीला दिले नाही. हे दोन्ही निर्णय कसे घेतले ते तुम्हाला नीट कळावे म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

मागच्या वर्षी जी वसाहत गेली तिच्याबद्दल मी फोनवर "थंडीने गेली" एवढेच सांगितले होते. ते खरे नव्हते. नोव्हेंबरात पेटी उघडली तेव्हा मूठभर माश्या राणीला धरून बसल्या होत्या आणि वरच्या चौकटी मधाने भरलेल्या होत्या. म्हणजे उपासमार नव्हती. तळाला मेलेल्या माश्यांचा खचही नव्हता. माश्या एकेक करून बाहेर गेल्या आणि परतल्या नाहीत. पिल्लांची रिकामी चौकट काढून, तिची खालची पट्टी माझ्याकडे झुकवून उन्हात धरली, तेव्हा कप्प्यांच्या छताला खडूचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसले. ती व्हरोआची, म्हणजे माश्यांच्या अंगावर जगणाऱ्या बारीक किडीची, विष्ठा. ऑगस्टमध्येच पेटीच्या तोंडापाशी चुरगळलेल्या पंखांच्या दोन-चार माश्या गवतात सरपटताना मी पाहिल्या होत्या, आणि तरीही काही केले नव्हते. औषध न देण्याचा निर्णय मी घेतला होता असेही मला म्हणता येत नाही, कारण निर्णयाला लागणारी माहितीच मी मिळवली नव्हती. त्या वसाहतीचे मला अजून वाईट वाटते.

तुमचा सल्ला चुकीचा नाही, आबा. पण तो सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी माशीच्या, अनुभवातून आलेला आहे आणि माझ्या पेट्यांत मेलिफेरा, म्हणजे युरोपीय माश्या आहेत. ही कीड मूळची सातेरीच्या जातीवरचीच. १९०४ मध्ये जावा बेटावरच्या माश्यांवर तिच्या एका जातीची पहिली नोंद झाली. मेलिफेरावर संकट आणणारी जात तिच्याहून वेगळी आहे हे मात्र २००० साली स्पष्ट झाले आणि तेव्हा तिला 'व्हरोआ डिस्ट्रक्टर' हे नाव मिळाले. सातेरी आणि ही कीड यांचा सहवास फार जुना आहे. सातेरीच्या पोळ्यात कीड वाढते ती मुख्यतः नरांच्या कोषांत. कामकरी माशीच्या कोषात ती शिरली तर ते पिल्लू लवकर मरते आणि माश्या ते किडीसकट उपसून बाहेर टाकतात. म्हणून तुम्ही इतकी वर्षे काहीही न करता तुमच्या वसाहती टिकल्या. मेलिफेराला आशियात आणून सातेरीच्या शेजारी ठेवले गेले तेव्हा कीड तिच्यावर आली, आणि या माशीपाशी तसा काही बंदोबस्त नव्हता. तिच्या कामकरी पिल्लांतही व्हरोआ सुखाने वाढते.

ती वाढते कशी हे पाहिले की औषधाच्या वेळेला इतके महत्त्व का, ते उलगडते. कप्प्यावर मेणाचे झाकण बसण्याच्या जरा आधी किडीची मादी आत शिरते आणि अळीच्या अन्नाखाली दडून राहते. झाकण बसल्यावर सुमारे तीन दिवसांनी ती पहिले अंडे घालते, ते नराचे. पुढची अंडी साधारण तीस-तीस तासांनी, ती माद्यांची. भावाबहिणींचे मीलन त्या बंद कप्प्यातच होते आणि नवी माशी बाहेर पडते तेव्हा तिच्या अंगावर आई आणि तयार झालेल्या लेकी असतात. किडीचे अंग तांबूस तपकिरी, चपटे, लांबीपेक्षा रुंदीला जास्त: रुंदी सुमारे १.६ मिलिमीटर आणि लांबी जेमतेम १.१. ती माशीच्या पोटाच्या खालच्या बाजूला, खवल्यांच्या फटीत घुसून बसते, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला पेटी निरोगीच वाटते. माशीच्या शरीरातला चरबीचा साठा ती खाते आणि त्याबरोबर पंख विकृत करणारा विषाणू पसरवते.

इथली अडचण हिवाळ्याची आहे. उन्हाळ्यातली कामकरी माशी सहा आठवडे जगते, पण शरदात जन्मणाऱ्या माशीला पाच-सहा महिने जगून वसाहत वसंतापर्यंत न्यायची असते, आणि ती ज्या चरबीच्या साठ्यावर तगते तोच ही कीड खाते. शिवाय उन्हाळा सरताना राणी अंडी कमी घालते, माश्यांची संख्या उतरू लागते आणि कीड मात्र चढतच असते, त्यामुळे उरलेल्या थोड्या कोषांत तिची गर्दी होते. शरदातली पिढी वाचवायची तर तिला पाळणाऱ्या दायांवरची कीड आधी उतरवावी लागते. ऑक्टोबरात दिलेल्या औषधाने कीड मरते, पण अधू जन्मलेली माशी सुधारत नाही.

म्हणून ऑगस्ट अखेरीला मोजले. पिल्लांच्या चौकटीवरच्या अर्धा कप माश्या, म्हणजे सुमारे तीनशे, स्पिरिटच्या बरणीत घालून मिनिटभर हलवायच्या आणि गाळून खाली पडलेली कीड मोजायची. त्या तीनशे माश्या मरतात. राणी त्या चौकटीवर नाही ना, हे मी तीनदा पाहिले, तरी झाकण लावताना हात थरथरला. पिठीसाखरेत घोळवून माश्या जिवंत ठेवण्याची रीतही आहे, पण तिच्यात कीड पुरती सुटत नाही, आणि ज्या आकड्यावर सगळे ठरवायचे तोच कच्चा असून चालणार नव्हते. पहिल्या पेटीत अकरा निघाल्या, म्हणजे शंभरामागे जवळपास चार. या दिवसांत शंभरामागे दोन-तीन ही धोक्याची रेषा धरतात, आणि हा आकडा फक्त अंगावरच्या किडीचा. पिल्लांच्या हंगामात निम्म्याहून जास्त कीड बंद कोषांत असते. त्या पेटीबाबत मग विचार करण्यासारखे काही उरले नाही.

औषध कोणते, यावर मात्र मी दोन रात्री घालवल्या. ऑक्झॅलिक ॲसिड स्वस्त आणि माश्यांना सोसणारे, पण ते झाकणाखाली पोहोचत नाही, त्यामुळे आत्ता त्याचा एकच हात देऊन काही साधले नसते. रासायनिक पट्ट्या सोप्या असतात. पण फ्लुव्हॅलिनेटच्या पट्ट्या वर्षानुवर्षे वापरल्यामुळे त्याला दाद न देणारी कीड निपजली, आणि मेणात त्याचा अंश साठतो तो वेगळाच. थायमॉल, म्हणजे आपली ओव्याची फुले, माझ्या मनात फार होती, पण तीही झाकणाआड काम करत नाहीत आणि त्यांना कित्येक आठवडे ऊब लागते. शेवटी फॉर्मिक ॲसिडच्या पट्ट्या घेतल्या, कारण त्याची वाफ मेणाच्या झाकणातून आत शिरून कोषातल्या किडीलाही मारते. त्याची जोखीम खरी आहे: दिवसाचे तापमान साधारण दहा ते एकोणतीस अंशांच्या दरम्यान असावे लागते, उकाडा वाढला तर पिल्ले मरतात, कधी राणीही जाते. मधाचे मजले उतरवून, हवामानाचा अंदाज पाहून, हातमोजे आणि मुखवटा चढवून मी सकाळी पट्ट्या ठेवल्या. दुपारी अर्धी वसाहत पेटीच्या दारावर झुंबर होऊन लटकली होती आणि तोंडाशी ओळीने उभ्या राहून माश्या पंखांनी वारा घालत होत्या. संध्याकाळी दारात काही पांढऱ्या अळ्या टाकलेल्या दिसल्या. ते पाहताना तुमचे शब्द आठवले आणि पोटात कालवले. दुसऱ्या दिवशी जाळीखालचा पांढरा पत्रा ओढून भिंगाने पाहिला. मेलेली कीड दीडशेपर्यंत मोजली आणि मग मोजणे सोडले.

दुसऱ्या पेटीत तीनशे माश्यांमागे दोनच निघाल्या. इथे मी तुमच्या बाजूची आहे. मेलिफेरातही काही वसाहती किडीचे कोष ओळखून उपसतात, आणि सरसकट सगळ्यांना औषध दिले तर त्या कोणत्या हे कधी कळणारच नाही. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९९९ मध्ये दीडशे वसाहती औषधाशिवाय सोडल्या होत्या. बहुतेक मेल्या, पण ज्या थोड्या उरल्या त्यांचा वंश किडीसह जगू लागला. दोन पेट्यांच्या मालकिणीला तो प्रयोग परवडत नाही, कारण मरायला टेकलेली पेटी लुटायला शेजारच्या माश्या येतात आणि कीड अंगावर घेऊन घरी जातात. माझ्या हट्टाची झळ दुसऱ्यांच्या वसाहतींना लागलेली मला चालणार नाही. शिवाय या पेटीतून जूनमध्ये थवा उठला होता. तेव्हा बरेच दिवस पिल्ले नव्हती, म्हणजे किडीला वाढायला जागाच नव्हती. आकडा माश्यांच्या गुणामुळे कमी आहे की त्या खंडामुळे, हे आत्ता सांगता येत नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा मोजेन. सहा किंवा अधिक निघाल्या तर हिलाही औषध देईन आणि वसंतात राणी बदलेन. कमीच राहिल्या तर पुढच्या वर्षीच्या राण्या हिच्याच पिल्लांतून काढेन. ऐन थंडीत पिल्ले नसतील तेव्हा पहिल्या पेटीला ऑक्झॅलिक ॲसिडचा एक हात देईन. तेव्हा कीड लपायला कोष नसतात.

आणखी दहा दिवसांनी पट्ट्या काढीन. त्या दिवशी राणी शोधत बसणार नाही, कप्प्यांच्या तळाशी उभी अंडी दिसली तरी मला पुरे. काय दिसले ते लगेच कळवीन.

तुमच्याकडे एक मागणे आहे. सातेरीच्या नरांच्या कोषांवरच्या टोपीला मधोमध बारीक भोक असते, ते तुम्हीच मला दाखवले होते. आत कीड फार झाली आणि नर उठू शकला नाही, तर माश्या ते भोक मेणाने बुजवून किडीला आतच कोंडतात. यंदा नरांचे कोष होतील तेव्हा असे बुजवलेले भोक दिसते का ते पाहाल का? दिसल्यास फोटो काढायला सांगा आणि साधारण किती टोप्यांमागे किती, तेवढे मोजून लिहा.

तुमची,
सूनबाई