त्या तिघांचे आभार

आमच्या कॉलेजात क्षयरोग तपासणी होती त्या दिवशी मी रांगेत जाणारच नव्हतो. मी ग्रंथालयात काम करतो. महिनाभराच्या खोकल्याचा दोष मी जुन्या पुस्तकांच्या धुळीला देऊन मोकळा झालो होतो. पुस्तक परत करायला आलेली एक विद्यार्थिनी म्हणाली, "काका, दोन आठवड्यांवर खोकला असला तर दाखवायला सांगितलंय. चला, मी पण येते." पोरी, तुझं नावही विचारलं नाही मी.

एक्स-रेत डाग दिसला, बेडक्याच्या तपासणीत निदान पक्कं झालं. आरोग्यसेविका ताई, तुम्ही मला गर्दीतून बाजूला घेतलंत आणि हळू आवाजात सगळं समजावलंत: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. लघवी केशरी होईल, घाबरू नका, हेही आधीच सांगितलंत. खरंच तसं झालं, तेव्हा मी घाबरलो नाही. बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत, असं तीनदा बजावलंत. चौथ्या महिन्यात, अंगात ताकद आली आणि कंटाळा आला, तेव्हा तुमचा तोच आवाज कानात होता. घरच्या सगळ्यांची तपासणीही तुमच्यामुळेच झाली.

आणि शिपाईमामा, रजेवरून परतलो त्या दिवशी तुम्ही डबा माझ्याशेजारीच उघडलात. भाकरी मोडून दिलीत. ते विसरणार नाही.

परवा सहा महिने पूर्ण झाले. रंकाळ्यावर धाप न लागता फिरून आलो. ताई, हे वाचलंत तर एकदा ग्रंथालयात या.