मासा जगला, पण त्याची वीण?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कारखान्याचे सांडपाणी विषारी आहे की नाही, हे ठरवण्याची आपल्याकडे एक सरकारमान्य कसोटी आहे. प्रक्रिया केलेले पाणी काही न मिसळता टाकीत घ्यायचे, त्यात मासे सोडायचे आणि ९६ तास थांबायचे. शंभरातले नव्वद मासे जगले की पाणी उत्तीर्ण. ज्या बडोद्याच्या कारखान्यांचे पाणी पंचावन्न किलोमीटरच्या कालव्यातून खंभातच्या आखाताकडे जाते, तिथे एवढ्यावर समाधान मानणे मला पटत नाही. चार दिवस तग धरलेल्या माशाला पुढे पिल्ले होणार का, हे ही कसोटी विचारतच नाही.

मी प्राणिशास्त्र शिकवत असे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. रोहू, कटला, मृगळ या गोड्या पाण्यातल्या कार्प माशांचे फलन पाण्यात, शरीराबाहेर होते. नराच्या शरीरात शुक्राणू निश्चल असतात. गोड्या पाण्याचा स्पर्श होताच ते जागे होतात आणि जेमतेम मिनिटभर जोरात पोहतात. तेवढ्या वेळात त्यांना अंड्यावरचे एकुलते एक सूक्ष्म छिद्र गाठायचे असते. ते छिद्रही लवकरच निकामी होते. नदीत पारा, कॅडमियम, तांबे यांसारखे धातू असतील तर ही धाव मंदावते किंवा सुरूच होत नाही. मासा मेलेला दिसत नाही, गाभोळीही भरलेली असते, पण त्या वर्षीची वीण वाया जाते. मेलेले मासे तरंगले की निदान वर्तमानपत्रात फोटो तरी येतो. या नुकसानीचा फोटो निघत नाही.

म्हणूनच माशांच्या शुक्राणूंवर विषारीपणा तपासण्याची पद्धत मला मोलाची वाटते. विणीच्या हंगामात नराच्या पोटावर हलका दाब दिला की पांढरा, दुधासारखा द्रव मिळतो. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये अब्जावधी शुक्राणू असतात, म्हणजे एका नरावर पाण्याचे कितीतरी नमुने तपासता येतात, आणि तो नर परत तळ्यात सोडता येतो. किती शुक्राणू हलले, किती वेगाने, किती सेकंद, हे कॅमेरा जोडलेला सूक्ष्मदर्शक आणि संगणक मोजतात. उत्तर चार दिवसांनी नाही, त्याच दिवशी मिळते. झेब्राफिश या छोट्या माशाच्या अंड्यांवरील चाचणीला ओईसीडीने (रसायनांच्या चाचण्यांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने) २०१३ मध्ये मान्यता दिली, तेही चांगलेच झाले. पण ती चाचणी फलित अंड्यापासून सुरू होते, त्याआधीचा टप्पा तिच्यात येत नाही.

अडचणी आहेत आणि त्या लपवू नयेत. द्रव काढताना त्यात माशाचे मूत्र मिसळले तर शुक्राणू आधीच जागे होऊन दमतात. नरानरांत फरक असतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे क्षार. सांडपाणी खारट असेल तर नुसत्या खारटपणानेही रोहूचे शुक्राणू हलणार नाहीत, आणि दोष भलत्याच रसायनावर जाईल. म्हणून तेवढ्याच क्षाराचे स्वच्छ पाणी घेऊन तुलना केलीच पाहिजे. आखातासाठी तर मासाच वेगळा निवडावा लागेल, कारण समुद्री माशांचे शुक्राणू उलट खारट पाण्यातच जागे होतात. शिवाय हंगाम पावसाळ्यापुरता. उरलेल्या वर्षासाठी द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर साठा ठेवता येतो, मात्र गोठवून वितळवलेल्या नमुन्याची ताज्याशी थेट तुलना करू नये.

यासाठी लागणारे कसब आपल्याला परके नाही. १९५७ मध्ये हिरालाल चौधुरी यांनी कार्प माशांचे प्रेरित प्रजनन, म्हणजे संप्रेरक टोचून त्यांची वीण घडवणे, यशस्वी केले, तेव्हापासून देशभरच्या मत्स्यबीज केंद्रांत नर-मादी हाताळणारे कुशल लोक तयार झाले आहेत. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या विज्ञान शाखेने अशा एखाद्या केंद्राला सोबत घेऊन येत्या आषाढ-श्रावणात विश्वामित्री व मही या नद्यांच्या आणि कालव्याच्या पाण्यावर ही तपासणी सुरू करावी. प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९६ तासांची कसोटी न हटवता तिच्या शेजारी हे आकडेही नोंदवावेत आणि दर महिन्याला ते लोकांसमोर ठेवावेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
दांडिया बाजार, बडोदा