गेम कन्सोल ‘सगळ्या घराचा’ म्हणून विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग
(कंपनीचं नाव व पत्ता पाकिटावर लिहिला आहे.)

विषय: गेम कन्सोल ‘घरातली सगळी करमणूक एकाच डब्यात’ असं सांगून विकल्याबद्दल आणि त्याच भरवशावर आमचा चालू डीव्हीडी प्लेअर एक्सचेंजमध्ये काढून घेतल्याबद्दल.

महोदय,

गेल्या दसऱ्याला आपल्या सांगलीच्या शोरूममधून मी एक गेम कन्सोल घेतला. नातू सातवीत आहे, दोन वर्षं मागे लागला होता. तो खेळतो त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. गेम उत्तम चालतात, चित्र असं दिसतं की कधीकधी मीच मागे उभा राहून बघत बसतो. तक्रार आहे ती बाकीच्या घराच्या वतीने.

त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आपलं पत्रक होतं, ते मी जपून ठेवलं आहे. त्यावर ठळक अक्षरात छापलंय, ‘घरातली सगळी करमणूक एकाच डब्यात’. खाली सोफ्यावर आजोबा, आई, मुलं असं सगळं कुटुंब बसलेलं. मला नुसता गेमचा डबा घ्यायचा असता तर मी तो घेतलाच नसता, एवढे पैसे मी खेळण्यावर घालत नाही. पण विकणाऱ्या मुलाने सांगितलं, “काका, तुमचा टीव्ही जुना आहे ना, बदलू नका. हाच त्याला स्मार्ट करेल. सेटटॉप बॉक्स नको, डीव्हीडी प्लेअर नको, सगळं यातच.” मी मुद्दाम विचारलं, वडिलांकडे सीड्या आहेत, गाण्यांच्या आणि नाटकांच्या, त्या चालतील का? त्यावर त्याचं उत्तर, “यात ब्लू-रे चालते काका, सीडी म्हणजे किस झाड की पत्ती.” मुलगा चुणचुणीत होता, त्याच्यावर माझा राग नाही. पाठ करायला दिलं तेच त्याने म्हटलं. पण ह्याच बोलण्यावर दुसऱ्या दिवशी मी घरचा जुना प्लेअर नेऊन दिला आणि आपण बिलातून 750 रुपये वजा केले. बिलाची प्रत सोबत आहे.

आता सीड्यांचं सांगतो. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, 84 वर्षांचे आहेत. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात आणि अण्णा त्या पंढरीचे जुने वारकरी. ऐकू कमी येतं, थिएटरला जाणं बंद झालं, तेव्हापासून त्यांचं नाटक म्हणजे व्हीसीडी, चित्र दिसणारी सीडी. 2007 सालच्या सुमाराला मोझर बेअर या कंपनीने 28 रुपयांना व्हीसीडी आणि 34 रुपयांना डीव्हीडी काढल्या, तेव्हा बाजारात नुसता सुकाळ झाला होता. अण्णा पेन्शनच्या दिवशी एसटी स्टँडसमोरून दोन-तीन आणल्याशिवाय घरी येत नसत. नाटक बहुतेक दोन सीड्यांचं, मध्यंतराच्या आसपास उठून दुसरी घालायची. शिवाय नाट्यसंगीताच्या ऑडिओ सीड्या. सगळं मिळून दोनशे-सव्वादोनशे नग, प्रत्येकाच्या पाठीवर त्यांच्या हाताने नंबर घातलेला.

पहिल्या संध्याकाळी अण्णांनी एक नंबरची सीडी काढली. कन्सोलने ती आत ओढून घेतली, घरघर केली, पडद्यावर ‘ही डिस्क वाचता येत नाही’ असा इंग्रजी निरोप दिला आणि जीभ बाहेर काढावी तशी सीडी बाहेर काढली. अण्णांना वाटलं धूळ असेल. त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसली, परत घातली. असं चार वेळा. मग दुसरी सीडी, मग व्हीसीडी. शेवटी म्हणाले, “याला आपलं काही आवडत नाही.”

आपल्या ग्राहक सेवेला फोन केला, तर तिथल्या बाईंनी सांगितलं की पुढच्या सिस्टीम अपडेटनंतर चालेल. हे मात्र मी ऐकून घेणार नाही, कारण ते खोटं आहे. कळून सांगितलं की न कळता, ते आपण बघा. सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे या तिन्ही तबकड्या एकाच मापाच्या, 12 सेंटिमीटरच्या. म्हणून फसायला होतं. पण सीडी वाचायला 780 नॅनोमीटरचा इन्फ्रारेड लेसर लागतो, डीव्हीडीला 650 चा लाल आणि ब्लू-रेला 405 चा निळा-जांभळा. ज्या ड्राइव्हमध्ये पहिला लेसर बसवलेलाच नाही, तिथे अपडेट करून तो कुठून उगवणार? व्हीसीडी हीही मुळात सीडीच, त्यामुळे तीही गेली. पन्नास रुपयांच्या प्लेअरला जमणारं काम पंचावन्न हजारांच्या डब्याला जमत नाही. (पन्नास रुपये हे मी रागाने लिहिलं. आमचा प्लेअर 2,200 ला आणला होता.)

कन्सोलने घरातली दुसरी कामं करूच नयेत असं माझं म्हणणं नाही. उलट नातवाच्या कृपेने मी याबद्दल बरंच वाचलं. 1994 सालच्या सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशन कन्सोलवर गाण्याची सीडी वाजायची, आणि चांगली वाजायची. आजही हायफायवाले शौकीन तो जुना डबा शोधत फिरतात. 2000 साली प्लेस्टेशन 2 आला तेव्हा त्यात डीव्हीडी चालत होती. त्या काळात डीव्हीडी प्लेअर महाग, त्यामुळे जपानात कित्येकांनी तो गेमसाठी नव्हे तर सिनेमासाठी नेला. तो पुढे 15 कोटींवर खपला. प्लेस्टेशन 3 मध्ये ब्लू-रे आली आणि 2008 च्या फेब्रुवारीत तोशिबाला एचडी डीव्हीडीचा, म्हणजे ब्लू-रेच्या प्रतिस्पर्धी तबकडीचा, नाद सोडावा लागला. ही जोडकामं खरी होती, कारण त्या वेळी घरात जे नव्हतं ते त्या डब्याने आणून दिलं, तेही वेगळं घेण्यापेक्षा स्वस्तात. आमच्या घरी उलटं झालं. जे होतं ते काढून नेलं आणि त्याच्या जागी फक्त पत्रकावरचं वाक्य ठेवलं.

मायक्रोसॉफ्टनेही हा प्रयोग केलेला आहे. मे 2013 मध्ये त्यांचा एक्सबॉक्स वन हा कन्सोल जाहीर झाला तेव्हा कार्यक्रमात टीव्हीचंच कौतुक जास्त होतं. सेटटॉप बॉक्सची वायर त्यात घालायची, कॅमेऱ्याशी बोलून चॅनेल बदलायचं, एका बाजूला गेम आणि दुसऱ्या बाजूला टीव्ही. किंमत 499 डॉलर, तर समोरचा प्लेस्टेशन 4 होता 399 ला. लोकांनी काय घेतलं ते सगळ्यांना माहीत आहे. पुढच्याच वर्षी कॅमेऱ्याशिवायचं पाकीट काढावं लागलं, पडदा वाटून दाखवायची सोय 2017 मध्ये गेली आणि 2020 च्या नव्या मॉडेलमधून ती वायर घालायची खाचच गायब झाली. म्हणजे बनवणारेच जिथून मागे फिरले, तिथे आपली पत्रकं अजून गिऱ्हाईक घेऊन निघाली आहेत.

एक डबा सगळ्या घराला का पुरत नाही, हे कळायला आमच्या दिवाणखान्यात एक दिवस काढा. संध्याकाळी नातू खेळत असतो. आठ वाजता सौ.ची मालिका. त्यातही ती मालिका ज्या मराठी ॲपवर लागते ते ॲप कन्सोलच्या ॲपदुकानात नाहीच, हे घरी आल्यावर कळलं. मग ती ब्राउझर शोधायची, तोवर मालिकेत कुणाचं तरी लग्न मोडून झालेलं असतं. नातू झोपल्यावर अण्णांना बातम्या लावायच्या तर रिमोट नाही, तो दोन शिंगांचा कंट्रोलर. त्याची बॅटरी संपलेली. चार्ज असेल तर तो विचारतो, कोण वापरणार आहे? अण्णांचं खातं नाही. नातवाच्या खात्याने आत जावं तर अंगठा चुकून कंट्रोलरवरच्या काठीला लागतो आणि बातम्या दहा मिनिटं पुढे पळतात. काही न करता थोडा वेळ बसलं की कंट्रोलर स्वतःच बंद. टीव्हीच्या रिमोटवर आवाजाचं बटण कुठे आहे ते अण्णांना अंधारातही सापडतं. इथे 84 व्या वर्षी त्यांना नातवाला उठवावं लागतं.

एका रविवारी भारताचा सामना होता. घरात आठ माणसं, चहा झालेला. कन्सोल सुरू केला तर आधी सिस्टीम अपडेट करा म्हणाला, त्याशिवाय ॲप उघडेना. आमच्या इंटरनेटच्या वेगाने ते उतरेपर्यंत सोळा षटकं शेजारच्यांच्या खिडकीतून ऐकली. आणि पावसाळ्यात वीज गेली की, जी जातेच, परत आल्यावर पडद्यावर तंबी: यंत्र नीट बंद केलं नाही, पुन्हा असं करू नका. अण्णा त्या निरोपाला इतके बिचकले की वीज गेली तर मीच अपराधी असल्यासारखं माझ्याकडे बघतात.

विजेवरून आठवलं. मीटर तपासण्याच्या कामात मी 31 वर्षं काढली आहेत, त्यामुळे मोजल्याशिवाय राहवत नाही. प्लगमध्ये लावायचा मीटर लावून पाहिलं. गेम खेळताना 190 ते 200 वॅट, ते ठीक आहे, यंत्र मेहनत करतं. पण नुसती मालिका बघतानाही 66 वॅट. नंतर वैतागून मी एक स्ट्रीमिंग स्टिक (टीव्हीला खोचून ॲप दाखवणारी कांडी) आणली, तीच मालिका तिच्यावर 3 वॅटमध्ये दिसते. दिवसाला पाच तास धरले तर कन्सोलला महिन्याला जवळपास 10 युनिट, स्टिकला अर्धा. आमचा वापर महिन्याला 95 च्या आसपास असतो, तो यामुळे शंभरावर जातो. स्लॅब बदलला तरी वरचा दर वरच्या युनिटांनाच लागतो, सगळ्या बिलाला नाही, हे मी लोकांना आयुष्यभर समजावत आलो आहे. तेव्हा रक्कम मोठी नाही, मी ती मागतही नाही. पण डाळ शिजवायला कोणी भट्टी पेटवत नाही.

थोडक्यात, मालिकेचा प्रश्न स्टिकने सुटला, ती मी माझ्या पैशाने घेतली. सामन्यासाठी केबल परत जोडली. कन्सोल गेम खेळायला राहिला, आणि तो परत घ्या असं मी म्हणत नाही, नातू माझा पाय मोडेल. पण ज्या पत्रकाच्या जोरावर आपण तो विकला, ते पत्रक ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(28) प्रमाणे दिशाभूल करणारी जाहिरात ठरतं आणि विचारलेल्या प्रश्नाला चुकीचं उत्तर देऊन माल खपवणं हे कलम 2(47) मध्ये बसतं, असं माझं मत आहे. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर मी तक्रार नोंदवली आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर इथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या मालाला तिथे फी लागत नाही, आणि निवृत्त माणसाकडे वेळ भरपूर असतो.

माझी मागणी पैशांची नाही. सीडी, व्हीसीडी आणि डीव्हीडी वाचणारा एक चालू प्लेअर मला द्यावा, 750 रुपये मी परत भरीन. आणि कन्सोल विकताना दोन ओळी लिहून द्याव्यात, यात कोणत्या तबकड्या चालत नाहीत आणि कोणती ॲप मिळत नाहीत. विकणाऱ्या मुलालाही त्या द्याव्यात, म्हणजे पुढच्या काकांना तो सांगू शकेल.

प्लेअर शक्यतो आमचाच द्यावा. एक्सचेंजचा माल आपल्या गोदामात पडून असतो असं शोरूममध्ये समजलं. काळ्या रंगाचा आहे, उजव्या बाजूला माइकची खाच, मागे पांढऱ्या ऑइल पेंटने अण्णांनी 2011 घातलंय. सापडला तर दुसरं काही करण्याआधी ट्रे उघडून बघा. गडबडीत नेऊन देताना आतली व्हीसीडी काढायची राहिली. नाटकाची दुसरी सीडी आहे ती, पाठीवर 64 ब लिहिलंय. 64 अ घरी आहे.

आपला,
एक ग्राहक, सांगली

सोबत: बिलाची प्रत, पत्रकाची प्रत, मीटरवरील आकड्यांचे तीन फोटो.