कानात मेण

मँचेस्टर, रविवार

प्रिय मंद्या,

फोनवर आपण भलतीकडेच वाहवत जातो, म्हणून हे पत्र. काल इथल्या आर्ट गॅलरीतलं ‘द सायरेन्स अँड युलिसीस’ हे चित्र पाहिलं. विल्यम एटी या इंग्रज चित्रकाराचं, १८३७ चं. तीन मीटर उंच, जवळजवळ साडेचार मीटर रुंद. भिंतच म्हण ना!

ग्रीक कवी होमरच्या ‘ओडिसी’तली गोष्ट तुला ठाऊकच आहे. सायरेन म्हणजे बेटावरच्या मायावी गायिका. त्या गातात, खलाशी भुलून त्यांच्याकडे जातात आणि तिथेच मरतात. ट्रॉयच्या युद्धाहून घरी निघालेला युलिसीस सोबत्यांच्या कानात मेण भरतो, स्वतःला मात्र डोलकाठीला बांधून घेतो. ऐकायचंही आहे आणि मरायचंही नाही. पक्का लबाड.

चित्रात तिघी अगदी पुढे, उघड्या अंगाने गाताहेत. चेहरे इतके सारखे, की एकाच मुलीला तीनदा बसवलंय असं वाटतं. आणि भोवती सडकी प्रेतं. ती खरी दिसावीत म्हणून एटी शवागारात जाऊन रेखाटनं करून आला होता. त्या काळचे काही टीकाकार यावर भलतेच उखडले. मला मात्र चित्रात सगळ्यांत प्रामाणिक ती प्रेतंच वाटली. युलिसीस लांब, मागे गलबतावर. तरी सोबत्यांपेक्षा थोराड काढलाय.

माझी तक्रार वेगळीच आहे. होमरच्या सायरेन अंगाची भुरळ घालतच नाहीत. त्या म्हणतात, ये, ट्रॉयला तुम्ही काय काय सोसलंत ते सगळं आम्हाला माहीत आहे. दहा वर्षं लढून दमलेल्या माणसाला त्याचीच गोष्ट कुणी गाऊन दाखवणार! पण गाणं रंगवायचं कसं? एटीने मग नग्न बायका काढल्या. तो तशाही काढतच असे म्हणा.

गंमत पुढे आहे. रंग टिकावा म्हणून त्याने जो सरस वापरला, तोच वाळून कडक झाला आणि चित्र हलवलं की रंगाचे पोपडे निघू लागले. डॅनियल ग्रँट नावाच्या इथल्या कापडव्यापाऱ्याने विकत घेतलेलं हे चित्र मग दीडशेहून जास्त वर्षं कोठारात पडून राहिलं. दुरुस्त होऊन लोकांसमोर आलं ते २०१० मध्ये.

आता तुझ्याबद्दल. तू पहाटे उठून फोन करतोस तेव्हा इथे मध्यरात्र असते. ‘आठवतं का रे, होस्टेलचा तो गॅसचा बंब...’ असं तू सुरू केलंस, की दुसऱ्या दिवशी माझी सकाळची बस चुकलीच! पुढच्या वेळी संध्याकाळी कर. पण कर.

तुझा,
विन्या