वकीलसाहेब, मनापासून आभार

कंत्राटदार घर अर्धवट टाकून गेला आणि वर पूर्ण बिलाची नोटीस पाठवली. नोटीस वाचून आई-बाबांची झोपच उडाली होती.

ज्या वकिलांकडे गेलो, ते आधी बरीच वर्षं साइटवर सुपरवायझर होते. करारनामा बाजूला ठेवून ते म्हणाले, "आधी जागा दाखवा." बीमच्या खाली किल्लीने ठोकत गेले, एके ठिकाणी पोकळ आवाज आला. पापुद्रा हाताने निघाला, आत गंजलेली सळई. "कव्हर ब्लॉक लावलेलेच नाहीत," एवढंच बोलले. (सळईभोवती काँक्रीटचा पुरेसा थर राहावा म्हणून लावतात ते छोटे ठोकळे.) दुरुस्ती लगेच करू नका, आधी फोटो आणि दोन्ही बाजूंसमोर मोजमापं, हेही बजावलं. मग कंत्राटदाराकडे २८ दिवसांचे क्यूब टेस्ट रिपोर्ट, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे २८ दिवसांनी दाबून मजबुती तपासल्याचे अहवाल, मागितले. ते त्याच्याकडे नव्हतेच! बिलाचा सूर तिथून उतरला, शेवटी तडजोड झाली.

पण आम्हाला आठवतं ते वेगळंच. फीचा विषय निघायच्या आधीच त्यांनी ओळखीच्या मिस्त्रींना फोन करून त्याच संध्याकाळी बीमखाली टेकू लावून घेतले. मिस्त्रींचेही आभार, त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. जाताना वकीलसाहेब आईला म्हणाले, "काकू, आता निर्धास्त झोपा." आई खरंच झोपली.