सोनू, मैत्रिणीच्या घरी हे घेऊन जा

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, ऑफिसातल्या मैत्रिणीचे वडील गेले, तिच्याकडे काय नेऊ? घाईत मी 'फळं ने' म्हणून मोकळी झाले, पण नंतर मनाला बरं वाटेना. तू यूटामध्ये आहेस, मग तिथलेच फ्यूनरल पोटॅटोज, म्हणजे अंत्यविधीचे बटाटे, कर. नाव आपल्या कानाला बोचतं, त्यांना नाही. तिथल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या बायकांची संस्था, रिलीफ सोसायटी, 1842 सालापासूनची. दफनानंतर घरच्यांना जेवू घालणं त्या आपलं काम मानतात, आणि त्या जेवणात हे चीजचे बटाटे हमखास असतात. 2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकला या बटाट्यांचा बिल्लासुद्धा निघाला होता.

आपण तिथे राहायचो तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. साताऱ्याहून फोन आला, अण्णा गेले. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं असतं, म्हणून गेलेच नाही. आपल्याकडे अशा घरात चूल पेटवत नाहीत, शेजारचे पिठलं-भात आणतात, कडू घास म्हणतात त्याला. तिथे कोण आणणार, असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या आजी काचेचा ट्रे घेऊन दारात. वर फॉइल, बुडाला पांढऱ्या चिकटपट्टीवर त्यांचं नाव. एवढंच म्हणाल्या, "चिकन घातलेलं नाही." आम्ही शाकाहारी आहोत हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले. भांडं रिकामं परत द्यायचं नाही म्हणून तेरा दिवसांनंतर त्यात बेसनाचे लाडू भरून दिले, तेव्हा त्यांच्याकडून कृती लिहून घेतली.

हॅश ब्राउन्सची, म्हणजे किसलेल्या बटाट्यांची, 30 औंसांची फ्रोझन पिशवी (साधारण 850 ग्रॅम) आदल्या रात्रीच फ्रीजरमधून काढून फ्रीजमध्ये ठेव. सकाळी मुठीने घट्ट पिळ. हे टाळलंस तर ट्रेच्या तळाला पाणी सुटतं. पिळलेल्या बटाट्यांत क्रीम ऑफ चिकन सूपचा एक कॅन, दोन कप सावर क्रीम, दोन कप किसलेलं चेडर, एक बारीक चिरून लोण्यावर परतलेला कांदा आणि मिरपूड एकत्र कालव. त्या घरी कुणी शाकाहारी असेल तर मशरूमचं सूप घे. चीज अख्खं आणून स्वतः किस. पाकिटातल्या किसाला गोळा होऊ नये म्हणून स्टार्च लावलेला असतो, तो तितका छान वितळत नाही. मीठ चव बघूनच घाल, सूप आणि चीज दोन्ही खारट असतात.

9 बाय 13 इंचाच्या ट्रेमध्ये पसर. दोन कप कॉर्नफ्लेक्स हातानेच चुरड, पूड नको, बोटाला टोचतील इतके तुकडे राहू देत. त्यावर चार मोठे चमचे वितळलेलं लोणी. हे ओव्हनमध्ये घालायच्या अगदी आधी वर पसरायचं, नाहीतर मऊ पडतं. 350 फॅरेनहाइटला 45 ते 50 मिनिटं. कडेला बुडबुडे आले आणि वरचा थर खमंग तपकिरी झाला की काढ.

तुझा हात हिरवी मिरची आणि जिऱ्याकडे जाईल, मला माहीत आहे. घरी करशील तेव्हा खुशाल घाल. त्या घरी मात्र नको. त्यांना लहानपणापासूनची चव मिळू दे.

आणि काचेचा ट्रे नेऊ नकोस, फॉइलचा टाकाऊ घे. कुणाचं भांडं कुणाला परत करायचं, हा घोर त्यांना आत्ता नको. झाकणावर मार्करने लिही: 350, 20 मिनिटं. रात्री उशिरा कुणाला भूक लागली तर गरम करता येईल. आत बोलावलं तरच जा. नाहीतर हातात ट्रे दे, तिला जवळ घे आणि निघ.

कसं झालं ते कळव. स्वतःही जेवून जा.

तुझी
आई